विश्लेषण : फोल्डिंग कॅनोपी एकट्याने कशी उभारायची? वाऱ्यात ती उडू नये यासाठी काय करावे?

आठवडी बाजारातला भाजीचा गाळा, बचत गटाचा पापड-लोणच्यांचा स्टॉल, सोसायटीतले आरोग्य शिबिर किंवा अंगणातला वाढदिवस. बांबू आणि ताडपत्रीच्या मांडवाची जागा आता अनेक ठिकाणी घडीच्या कॅनोपीने घेतली आहे. पिशवीतून काढायची, चारही बाजूंनी ओढायची आणि दहा मिनिटांत दहा बाय दहाचे छप्पर तयार. विक्रेते सांगतात ते इतकेच. प्रत्यक्षात मात्र पहाटे टेम्पोतून उतरलेल्या विक्रेत्याजवळ मदतीला कोणी नसते. एक पाय ओढला की दुसरा अडतो, कात्रीत बोट सापडते आणि कसाबसा उभा राहिलेला तंबू दुपारच्या वावटळीत शेजारच्या स्टॉलवर जाऊन पडतो. हे टाळता येते. त्यासाठी ताकदीपेक्षा क्रम आणि वजन यांकडे लक्ष द्यावे लागते.

फोल्डिंग कॅनोपी म्हणजे नेमके काय?

बाजारात हिला कॅनोपी, गझिबो टेंट, फोल्डिंग तंबू किंवा फोल्डिंग मंडप अशी वेगवेगळी नावे आहेत. रचना मात्र सारखीच असते. चार कोपऱ्यांत चार पाय असतात. प्रत्येक पायात एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या असतात आणि बाहेरची नळी वर सरकवून उंची वाढवता येते. हे पाय कात्रीसारख्या फुल्या असलेल्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. पट्ट्यांचे वरचे टोक पायाच्या माथ्याला पक्के असते. खालचे टोक पायावर वर-खाली सरकणाऱ्या एका जोडाला लावलेले असते. हा जोड वर सरकून त्याच्या भोकात खिळ बसली की ‘खट्’ असा आवाज होतो आणि तो कोपरा पक्का होतो. छपराचे कापड बहुधा पॉलिस्टरचे असते आणि ते कोपऱ्यांवर वेल्क्रोने चिकटते.

सर्वाधिक खपणारा आकार १० बाय १० फूट, म्हणजे साधारण ३ बाय ३ मीटर. त्याखाली सावलीची जागा १०० चौरस फूट मिळते. सांगाड्याच्या धातूनुसार वजन साधारण १५ ते २५ किलो भरते. १० बाय १५ आणि १० बाय २० फुटांच्या कॅनोपीही मिळतात, पण त्या एकट्या माणसाचे काम नाहीत.

ही कल्पना आली कुठून?

कात्रीच्या तत्त्वावर उघडणारे छप्पर ही वास्तुरचनेतली जुनी जिज्ञासा आहे. स्पेनचे वास्तुरचनाकार एमिलिओ पेरेझ पिन्येरो यांनी १९६१ मध्ये विद्यार्थी असतानाच घडी घालून नेता येईल अशा फिरत्या नाट्यगृहाची रचना मांडली होती. सांध्यांनी जोडलेल्या पट्ट्यांचा जुडगा उघडला की मोठे छप्पर तयार व्हावे, अशी ती कल्पना होती. बाजारात दिसणारी चार पायांची झटपट कॅनोपी १९८० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियात रुजली. तेथून ती शेतकरी बाजार, खेळाची मैदाने आणि समुद्रकिनारे यांवर पोहोचली.

महाराष्ट्रात २०१६ मध्ये फळे आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त झाला. त्याच वर्षी ‘संत शिरोमणी सावता माळी शेतकरी आठवडे बाजार’ अभियान सुरू झाले. शहरातल्या मोकळ्या जागेत आठवड्यातून काही तास स्टॉल लावायचा आणि पुन्हा जागा मोकळी करायची, अशा बाजारात खड्डे खणून मांडव घालणे शक्य नसते. पेव्हर ब्लॉकवर किंवा डांबरावर उभे राहणारे आणि तासाभरात गुंडाळता येणारे छप्परच तिथे चालते.

एकट्याला ती अवघड का जाते?

कारण यंत्ररचनेतच आहे. कात्रीच्या सगळ्या पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या असल्याने सांगाडा उघडतो तो सगळा एकाच वेळी. चार कोपऱ्यांवर चार माणसे उभी असतील तर सगळे एकदम मागे सरकतात आणि ताण सारखा वाटला जातो. दोघे असतील तर समोरासमोरच्या कोपऱ्यांवर उभे राहून काम भागते. एकटा माणूस मात्र एकच पाय धरून ओढतो. बाकीचे तीन पाय जमिनीवर घासतात, अडतात. मग ओढण्याचा सगळा जोर एक-दोन पट्ट्यांवर येतो. अॅल्युमिनियमची पट्टी वाकते किंवा प्लॅस्टिकचा जोड तडकतो. एक पट्टी वाकली की कात्री सरळ चालत नाही आणि पुढच्या वेळी आणखी जोर लावावा लागतो. अनेक कॅनोपी पहिल्याच हंगामात निकामी होतात, त्यामागे वारा जितका असतो तितकेच हे चुकीचे ओढणेही असते.

म्हणून एकट्याने उभारण्याचे सूत्र साधे आहे. कोणताही पाय एका दमात पूर्ण ओढायचा नाही. भोवती फेऱ्या मारत प्रत्येक पाय थोडा थोडा सरकवायचा.

उभारण्याआधी काय पाहावे?

पहिले, वर बघावे. १० बाय १० फुटांच्या कॅनोपीचा मधला शेंडा पूर्ण उंचीवर साधारण १० ते ११ फुटांपर्यंत जातो. सांगाडा धातूचा असतो. वरून विजेची तार, घरगुती जोडणीची लोंबती वायर किंवा शेजारी डीपी असेल तर ती जागा सोडून द्यावी. उभारताना तंबू तिरका होतो, उचलला जातो, त्यामुळे तार ‘जरा बाजूला’ असणेही पुरेसे नाही.

दुसरे, खाली बघावे. चारही पाय साधारण एका पातळीत यायला हवेत. एक पाय गटाराच्या कडेवर आणि दुसरा रस्त्यावर असेल तर सांगाडा पिळला जातो आणि खटके बसत नाहीत. थोडा उतार चालतो. उताराकडच्या पायाची उंची एक-दोन भोके जास्त ठेवून छप्पर सरळ करता येते.

तिसरे, वारा कुठून येतो ते पाहावे. मूठभर कोरडी माती वरून सोडली तरी दिशा कळते. वारा ज्या बाजूने येतो ती बाजू ध्यानात ठेवावी. पुढचे बरेच निर्णय तिच्यावर अवलंबून असतात.

चौथे, वजने आधी जागेवर आणावीत. तंबू उभा करून मग विटा शोधायला जाणे ही सर्वात जास्त होणारी चूक आहे. तंबू एकटा सोडला जातो तो नेमका याच वेळी.

एकट्याने उभारण्याचा क्रम कोणता?

१. सांगाडा पिशवीतून काढून जागेच्या मधोमध उभा करावा. चारही पाय जमिनीवर टेकलेले हवेत. हातात जाडसर हातमोजे असले तर बरे.

२. एक पाय घोट्याच्या उंचीपर्यंत किंचित उचलून फूटभर बाहेर सरकवावा. मग समोरासमोरच्या, म्हणजे तिरक्या कोपऱ्यातला पाय तितकाच सरकवावा. त्यानंतर उरलेले दोन. अशी एक फेरी पूर्ण झाली की दुसरी. फरफटत ओढण्यापेक्षा उचलून ठेवले की पट्ट्यांवर ताण येत नाही. दोन-तीन फेऱ्यांत सांगाडा निम्म्याहून थोडा जास्त उघडतो. इथे थांबावे.

३. आता कापड चढवावे. सांगाडा अर्धवट उघडा असल्याने कापड सैल बसते आणि ओढाताण होत नाही. पूर्ण उघडल्यावर कापड चढवायला गेले तर चौथा कोपरा कधीच पोहोचत नाही. चार कोपरे चार पायांच्या माथ्यांवर बसवून वेल्क्रो हलकेच लावावे. वारा असेल तर ज्या बाजूने तो येतो तिथले दोन कोपरे आधी लावावेत. नाहीतर कापडच पतंगासारखे वर जाते. काही जण कापड सांगाड्यावरच ठेवून घडी घालतात. त्यांची ही पायरी वाचते.

४. पुन्हा फेऱ्या मारत सांगाडा जवळजवळ पूर्ण उघडावा. काही कॅनोपींना मध्यभागी वर ढकलण्याचा खटका असतो. त्या आतून मध्यभागी उभे राहून दोन्ही हातांनी वर ढकलल्या की सगळा सांगाडा एकदम उघडतो. एकट्या माणसासाठी हा प्रकार सर्वात सोयीचा. उंची कमी पडत असेल तर भक्कम, बोथट काठी वापरता येते. मधला खटका नसेल तर प्रत्येक बाजूच्या मधल्या फुलीचे खालचे टोक धरून हलकेच वर उचलत जावे. बोटे फुलीच्या मधल्या सांध्यापाशी कधीही नेऊ नयेत. कात्री मिटताना किंवा उघडताना बोट चेपते ते तिथेच.

५. आता कोपरे पक्के करावेत. एका हाताने पायाचा माथा खाली दाबावा आणि दुसऱ्या हाताने सरकता जोड वर ओढावा. ‘खट्’ आवाज आला की खिळ बाहेर आलेली दिसते. पहिल्या कोपऱ्यानंतर शेजारचा न घेता तिरका समोरचा घ्यावा. तंबू अजूनही कमरे-खांद्याच्या उंचीवरच असतो, त्यामुळे हे काम जमिनीवर उभे राहूनच होते.

६. उंची वाढवण्याआधी खालच्या तळपट्ट्या बांधाव्यात. पायाची आतली नळी जमिनीवरच राहते आणि बाहेरची वर सरकते. म्हणून तळपट्टीवर वजन ठेवले किंवा तिच्या भोकातून खुंटी मारली तरी उंची वाढवायला अडचण येत नाही. एकट्या माणसासाठी ही पायरी सर्वात मोलाची आहे. तंबू वर जाण्याआधीच तो जमिनीला धरलेला असतो.

७. शेवटी उंची. वारा ज्या बाजूने येतो ती बाजू शेवटी उचलावी. ती आधी उचलली तर छप्पर वाऱ्यासमोर सुपासारखे उघडे होते. पलीकडच्या बाजूचा एक पाय एक-दोन भोके वर, मग त्याच बाजूचा दुसरा पाय तितकाच वर. नंतर वाऱ्याकडची बाजू. अशा दोन-तीन फेऱ्यांत हवी ती उंची येते. एकाच कोपऱ्याला पूर्ण उंची दिली तर सांगाडा पिळतो.

८. कापडाचे वेल्क्रो घट्ट करावेत आणि वरच्या कोपऱ्यांतून दोऱ्या किंवा टांगती वजने बांधावीत.

शेवटचा कोपरा लागतच नाही, तेव्हा?

तीन कोपरे लागले आणि चौथा अडला, हा हमखास येणारा अनुभव. अशा वेळी जोर वाढवण्याचा मोह होतो आणि जोड तुटतो. कारण बहुतेक वेळा पायातच असते. चौथा पाय थोडा आत किंवा बाहेर राहिलेला असतो. त्याचा तळ बुटाच्या टोकाने किंचित आत सरकवावा आणि जोड पुन्हा ओढावा. तरीही बसला नाही तर पाय जमिनीपासून दोन-तीन इंच उचलून पाहावा. भार सुटला की खिळ बऱ्याचदा आपोआप बसते. कापडाचा वेल्क्रो आधीच घट्ट ओढलेला असेल तर तोही जोडाला वर येऊ देत नाही. तो सैल करावा. इतके करूनही अडत असेल तर एखादी पट्टी वाकली आहे का, हे पाहावे लागते. खिळेत माती अडकणे हे आणखी एक कारण. कोरड्या फडक्याने पुसले की काम होते.

वाऱ्याचा जोर किती असतो?

मांडव आणि कॅनोपी यांत मूळ फरक हा की, मांडवाचे खांब जमिनीत गाडलेले असतात आणि कॅनोपी नुसती जमिनीवर टेकलेली असते. छप्पर मात्र दोघांचे सारखेच मोठे. त्यामुळे कॅनोपीला धरून ठेवते ते केवळ वजन.

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. १०० चौरस फुटांच्या छपराखाली वारा शिरला आणि पूर्ण दाबाने लागला असे धरून ढोबळ हिशेब मांडता येतो. ताशी २० किलोमीटर वाऱ्यात हा जोर साधारण १८ किलो वजनाइतका होतो. ताशी ३० किलोमीटरला तो ४० किलोच्या आसपास जातो. ताशी ४० किलोमीटरला ७० किलोंच्या पुढे आणि ताशी ६० किलोमीटरला सुमारे १६० किलो. छपराचा उतार, बाजूचे पडदे, आसपासच्या भिंती यांनुसार प्रत्यक्ष आकडा कमी-जास्त होतो. पण चित्र स्पष्ट आहे. २० किलोंची कॅनोपी मंद झुळकीत स्वतःच्या वजनावर उभी राहते आणि दुपारच्या एका झोतात उचलली जाते.

बाजूंना पडदे लावले तर धोका वाढतो. उन्हासाठी तीन बाजू बंद आणि समोरची एक उघडी ठेवली, वारा समोरूनच आला, तर तंबूचा फुगा होतो. पडदे लावायचेच असतील तर वाऱ्यासमोर उघडे तोंड ठेवू नये आणि वारा वाढला की आधी पडदे उतरवावेत.

वजन किती आणि कसे बांधावे?

अमेरिकेतील अनेक शेतकरी बाजारांच्या नियमांत प्रत्येक पायाला किमान २४ पाउंड, म्हणजे जवळपास ११ किलो वजन सक्तीचे असते. काही ठिकाणी ही अट ४० पाउंड, म्हणजे १८ किलोंची आहे. वर दिलेल्या हिशेबाशी ताडून पाहिले तर १८ ते २० किलो प्रत्येक पायाला हेच शहाणपणाचे ठरते. चार पायांचे मिळून ८० किलो होतात.

एकट्या माणसाने ८० किलो न्यायचे कसे, हा खरा प्रश्न. त्याचे सर्वात सोपे उत्तर पाणी. २० लिटरच्या कॅनमध्ये २० किलो पाणी मावते. कॅन रिकामे न्यायचे, तिथल्या नळावर भरायचे आणि निघताना झाडांना घालायचे. जिथे पाणी नाही तिथे वाळू. कोरडी वाळू लिटरला साधारण दीड किलोच्या पुढे भरते. त्यामुळे १२ लिटरची बादली भरली की १८ किलोंच्या वर वजन होते. विटा वापरायच्या तर एक वीट सरासरी तीन किलो धरून एका पायाला सहा लागतात. त्या नुसत्या रचून ठेवू नयेत, पोत्यात घालून तोंड बांधावे. नेहमी स्टॉल लावणाऱ्यांसाठी आणखी एक उपाय आहे. चार इंची पीव्हीसी पाइपचा तीन फुटांचा तुकडा काँक्रीटने भरून वर कडी बसवली तर एक नळी साधारण १८ किलो भरते आणि ती पायाला उभी बांधता येते. जागाही अडत नाही.

वजन कुठे बांधले आहे हेही महत्त्वाचे. तळपट्टीवरचे वजन पाय सरकू देत नाही. पण वारा उचलतो ते छप्पर. म्हणून वरच्या कोपऱ्यातल्या सांगाड्याला दोरी बांधून ती खालच्या वजनापर्यंत ताणून घ्यावी. वजन हवेत लोंबते ठेवू नये. ते झोके घेते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या गुडघ्यावर आदळते. दोरी कापडाच्या कडीला नव्हे, तर धातूच्या सांगाड्याला बांधावी.

मातीच्या जमिनीत खुंट्या चालतात. त्या किमान फूटभर लांब असाव्यात. डोके तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकलेले ठेवून त्या तिरक्या ठोकाव्यात आणि दोरी साधारण ४५ अंशांत ताणावी. मुरमाच्या जमिनीत त्या घट्ट बसतात. काळी माती पावसाने भिजली की पकड सुटते, तिथे खुंटीबरोबर वजनही लागते. डांबर, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकवर वजनाला पर्याय नाही. विजेचा खांब, उभी दुचाकी किंवा दुकानाचे शटर यांना दोरी बांधणे धोक्याचे. दुचाकीचा मालक गाडी घेऊन निघाला की तंबूही त्याच्याबरोबर निघतो. दोऱ्यांना रंगीत चिंध्या बांधल्या तर लहान मुले अडखळत नाहीत.

वारा वाढतो आहे हे ओळखायचे कसे?

वेग मोजायचे यंत्र जवळ नसले तरी डोळ्यांनी अंदाज येतो. ब्रिटिश नौदल अधिकारी फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी १८०५ मध्ये तयार केलेली वाऱ्याची मोजपट्टी पुढे जमिनीवरच्या खुणांसह वापरात आली आणि ती आजही उपयोगी पडते. धूळ आणि कागदाचे कपटे उडू लागले, बारीक फांद्या हलू लागल्या की वारा ताशी २० ते २८ किलोमीटर असतो. तेव्हा दोऱ्या तपासाव्यात, पडदे काढावेत. लहान झाडे पानांसकट डोलू लागली की वेग २९ ते ३८ किलोमीटर. आता उंची खाली आणावी आणि आवरायची तयारी करावी. मोठ्या फांद्या हलू लागल्या, छत्री धरणे कठीण झाले की तो ३९ ते ४९ किलोमीटरवर पोहोचलेला असतो. तोवर कॅनोपी मिटलेली हवी.

महाराष्ट्रात सर्वात फसवा असतो तो एप्रिल-मे मधला वळवाचा वारा. सकाळ शांत, दुपार कडक आणि चारच्या सुमारास एकाएकी सोसाट्याचा वारा. वादळी ढगातून गार हवा वेगाने खाली येते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. म्हणून पावसाचा थेंब पडण्याआधीच वाऱ्याचा झोत येऊन धडकतो. उकाड्यात अचानक गार झुळूक लागली आणि क्षितिजावर काळा ढग दिसला, तर हाती काही मिनिटेच असतात. हवामान विभागाचा पुढच्या तीन तासांसाठीचा तात्काळ अंदाज ‘मौसम’ अॅपवर पाहता येतो. वीज पडण्याची सूचना देणारे ‘दामिनी’ अॅप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केले आहे. स्टॉल लावणाऱ्यांच्या मोबाइलमध्ये दोन्ही असायला हवीत.

झोत आलाच तर कॅनोपीचा पाय धरून लटकू नये. वारा माणसालाही फरफटत नेतो. वेळ असेल तर वाऱ्याकडची बाजू आधी सर्वात खालच्या भोकावर आणावी, मग दुसरी. छप्पर खाली आले की वाऱ्याला आत शिरायला वाव कमी राहतो. तंबू उचलला गेलाच असेल तर आसपासच्या लोकांना, विशेषतः मुलांना बाजूला करणे हे पहिले काम. कॅनोपी पुन्हा घेता येते.

पाऊस, वीज आणि शेगडीचे काय?

कॅनोपी मुख्यतः उन्हासाठी असते. हलक्या सरी ती झेलते, पण कापड सैल असेल तर कोपऱ्यांत पाणी साचते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. दोन बादल्या पाणी एका कोपऱ्यात साचले की ३० किलोंचा भार त्या पट्ट्यांवर येतो, कापड आणखी खोल जाते आणि आणखी पाणी साचते. सांगाडा वाकतो तो अशाच वेळी. म्हणून कापड ताणलेले ठेवावे, एका बाजूची उंची दोन-तीन भोके कमी करून पाण्याला उतार द्यावा आणि साचलेले पाणी केरसुणीच्या बोथट टोकाने आतून हळूहळू ढकलून काढावे.

विजांचा कडकडाट सुरू झाला तर कॅनोपीखाली थांबू नये. धातूचे पाय आणि उघड्या बाजू असलेले हे छप्पर आसरा देत नाही. पक्की इमारत किंवा बंद मोटार हाच सुरक्षित आडोसा.

वडापाव, डोसे, भजी यांच्या स्टॉलवर धोका वेगळा. पॉलिस्टर कापड आगीने वितळते आणि त्याचे जळते थेंब खाली पडतात. शेगडी आणि कढई छपराच्या कडेबाहेर ठेवावी, सिलिंडर ज्वाळेपासून दूर असावा आणि हाताशी वाळूची बादली व अग्निशामक नळकांडे असावे. दिव्याची वायर सांगाड्याभोवती गुंडाळू नये. जुन्या वायरीचे आवरण फाटले तर सगळा सांगाडाच विजेने भारला जातो.

विकत घेताना काय तपासावे?

एकट्याने वापरायची असेल तर १० बाय १० फुटांच्या पुढे जाऊ नये. फळांचा किंवा दागिन्यांचा छोटा स्टॉल असेल तर ६ बाय ६ फूटही पुरते आणि त्यावर वाऱ्याचा जोरही जवळपास एक तृतीयांशच लागतो. लोखंडी सांगाडा स्वस्त आणि जड, अॅल्युमिनियमचा महाग आणि हलका. कोकणात खाऱ्या हवेने लोखंड लवकर गंजते, तिथे अॅल्युमिनियम परवडते. हलका सांगाडा घेतला तर वजने मात्र वाढवावी लागतात.

कापडाच्या जाडीसाठी ‘डेनियर’ हे माप सांगितले जाते. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनियर. आकडा जितका मोठा तितका धागा जाड. शिवणीवर आतून पट्टी आहे का, पट्ट्यांचे जोड प्लॅस्टिकचे आहेत की धातूचे, खिळ दाबून सुटते की कडी ओढून, हे दुकानात हाताळून पाहावे. कडी ओढून सुटणारी खिळ बोटांना सोपी जाते. सर्वात महत्त्वाचा प्रश्न सुट्या भागांचा. एखादी पट्टी किंवा जोड वेगळा मिळत असेल तर दहा रुपये जास्त देऊनही तीच कॅनोपी घ्यावी. दुकानदाराला ती एकदा एकट्याने उघडून दाखवायला सांगावी. त्याला जमले नाही तर भल्या पहाटे बाजारात विक्रेत्यालाही जमणार नाही.

आवरताना कोणती काळजी घ्यावी?

उभारण्याइतकेच अपघात आवरताना होतात, कारण माणूस दमलेला असतो आणि घाईत असतो. क्रम उलटा ठेवावा. आधी माल आणि टेबले बाहेर काढावीत, पडदे आणि दोऱ्या सोडाव्यात. मग चारही पाय टप्प्याटप्प्याने खाली आणावेत. पाय सोडताना बाहेरची नळी एका हाताने धरून ठेवावी, नाहीतर ती धाडकन खाली येते. कोपऱ्यांच्या खिळा सोडाव्यात आणि तळपट्टीवरची वजने अगदी शेवटी काढावीत. त्यानंतर पुन्हा फेऱ्या मारत एकेक पाय फूट-फूट आत आणावा. वेल्क्रो सैल केले असेल तर कापड आत घडी होत जाते आणि कात्रीत सापडत नाही.

ओले कापड पिशवीत बांधून ठेवले की त्यावर काळी बुरशी धरते आणि पाणी रोखणारा थर सुटू लागतो. पावसात भिजून आलेली कॅनोपी घरी किंवा गोठ्याच्या पडवीत अर्धवट उघडून वाळवावी. पावसाळ्याआधी सरकत्या जोडांवर कोरड्या सिलिकॉनचा हलका फवारा मारला तर खटके सहज चालतात. तेल लावू नये, त्याला धूळ चिकटते.

नवी कॅनोपी आणल्यावर पहिला प्रयोग बाजारात न करता वारा नसलेल्या दिवशी अंगणात किंवा सोसायटीच्या आवारात करावा. दोन-तीनदा उभी करून आवरली की हाताला क्रम बसतो. पहिल्या वेळी अर्धा तास लागतो, सरावाने तेच काम दहा-पंधरा मिनिटांवर येते. त्यात वजने भरण्याचा आणि बांधण्याचा वेळ मात्र वेगळा धरावा आणि पहाटे घरून तितके लवकर निघावे.